मडकं काढायला शिकले तेव्हा

चित्रकलेच्या वर्गात पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि मी नाकाला पदर लावला. समोरच्या टेबलावर एक ॲल्युमिनियमचं ताट होतं. त्यात वांगी आणि मधोमध चिरलेली पपई. मांडून आठवडा होऊन गेलेला. वांग्यांच्या कातड्याला सुरकुत्या पडल्या होत्या, बुडातून काळपट पाणी सुटलं होतं. पपईवर पांढरी लव आली होती आणि तिच्या पोटात बारीक अळ्या वळवळत होत्या. माश्या इतक्या, की बोलताना सरांना मधूनच तोंडापुढं हात धरावा लागत होता.

"कुणी हात लावू नका," सर म्हणाले. "चित्र अर्धं राहिलंय. वस्तू जागच्या हलल्या की सगळं बिघडतं."

बाहेर बहात्तरचा दुष्काळ होता. माझ्या गावात वांगं दिसून किती दिवस झाले होते ते आठवत नव्हतं, आणि इथं ती चित्रासाठी कुजत ठेवली होती. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. चित्रकलेशी माझी ओळख झाली ती अशी. पुढं बरीच वर्षं मी कोळशानं वस्तू काढत आले, मुलांनाही शिकवलं, पण सौंदर्य वगैरे शब्द कुणी काढला की मला आधी तो वास येतो.

माझं गाव येरमाळ्यापासून आत, बैलगाडीच्या वाटेवर. आम्ही बौद्ध. मी लहान होते तेव्हा वडलांनी दीक्षा घेतली, घरातले देव विहिरीत सोडले आणि मला शाळेत घातलं. मॅट्रिक झाले आणि धाराशिवच्या अध्यापक विद्यालयात नंबर लागला. सरकारी कागदावर उस्मानाबाद, पण आमच्या घरी कुणी तसं म्हणत नव्हतं. वसतिगृहात राहायला मिळालं, दोन वेळचं जेवण मिळालं. आईवडील त्या वेळी दुष्काळी कामावर खडी फोडत होते.

चित्रकला सगळ्यांनाच होती. फळ्यावर गाय, झाड, झोपडी काढता आली की झालं. पण सर आमच्यातल्या काहींना निवडून सरकारी परीक्षेसाठी वेगळा वर्ग घेत. माझं नाव त्यांनी का घेतलं ते माहीत नाही. माझी रेघ सरळ येते असं ते म्हणाले होते. ती परीक्षा झालेल्या मास्तरांना नोकरी लवकर लागते असंही कुणीतरी सांगितलं, म्हणून मी गेले.

आणखी एक कारण होतं. त्या वर्गात पिण्याचं पाणी होतं.

वसतिगृहात टँकरचं पाणी यायचं. त्याला रॉकेलचा वास. कापडातून गाळलं की कापडावर गाळ आणि बारीक किडे राहायचे, आणि गाळलेलंही पिताना डोळे मिटून घ्यावेत असं वाटायचं. चित्रकलेच्या वर्गात मात्र कोपऱ्यात तिवईवर एक मोठं काळं मडकं होतं, गार आणि निवळशंख पाण्याचं. वर्गात एक मुलगी होती, तिच्या वडलांची शहरालगत बागायत होती. दुष्काळातही त्यांच्या विहिरीला पाणी होतं. ते तिथल्या सहकारी सोसायटीचे चेअरमन. त्यांचा गडी रोज सकाळी सायकलीला घागरी बांधून आणायचा आणि मडकं भरून जायचा. मडकंही त्यांच्याच घरचं, वांगी आणि पपई त्यांच्याच मळ्यातली.

बाकीची मुलं तांब्या बुडवून पाणी घेत. मला आणि आमच्या समाजातल्या आणखी एका मुलाला शिपाईमामा वरून ओतायचे. आम्ही ओंजळ धरायची. पहिल्याच दिवशी मामा म्हणाले, "थांब पोरी, म्या देतो." मला कळलं नाही असं नाही. गावात जन्म गेला होता, कळणार कसं नाही? पण पाणी गार होतं. घसा कोरडा असायचा. मी ओंजळ धरायची आणि पाणी पिऊन झाल्यावर हात साडीला पुसायची, आणि तो ओला हात जरा वेळ मला माझा वाटत नसे.

सर पुण्याकडचे. सडपातळ, नीटनेटके, बोटं कायम काळी. शिकवायचे मात्र मनापासून. कोळशाच्या कांड्या विकत घेणं आम्हाला परवडत नव्हतं, तर त्यांनी तुराट्यांपासून कोळसा करायला शिकवला. तुरीच्या बारीक काटक्या सारख्या लांबीच्या कापायच्या, डब्यात दाटून भरायच्या, झाकण मातीनं लिंपून डबा चुलीत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी उघडला की आत काळ्या, हलक्या, ठणठणीत कांड्या. कोळसा हाताला लागला की पाण्याशिवाय निघायचा नाही, आणि पाणी कुठं होतं? जेवताना नखांत काळं, भाकरीवर बोटांचे काळे ठसे.

खोडायला सर पाव वापरायला सांगायचे. पावाचा मऊ गाभा बोटांत मळायचा आणि कागदावर टिपायचा, कोळसा अलगद उचलला जातो. खरंच जातो. त्यावेळी वर्गात बेकरीचा पाव आणायची चढाओढ लागली. तास संपला की फरशीवर काळे पडलेले पावाचे गोळे विखुरलेले असायचे आणि मामा ते झाडून काढायचे. माझ्या घरी लाल मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीच्या, भाकरी होत होत्या. त्या पिठाला चिकटपणा नसतो, भाकरी थापताना तुटते, आणि भाजताना येणारा वास जनावरांच्या दावणीसारखा. मी पाव आणला नाही. जुन्या लुगड्याची चिंधी आणि हाताचा तळवा यांवर भागवलं. सर एकदा म्हणाले, "तुझं चित्र जरा मळकट दिसतं." मी म्हटलं, "व्हय सर." पावाचं कारण सांगायला तोंड उघडेना.

यथार्थदर्शन, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान काढणं, मला बरेच दिवस कळलं नाही. सर फळ्यावर आगगाडीचे रूळ काढायचे, दूर जाऊन एका बिंदूत मिळणारे. मी रूळ पाहिले होते ते फाटकावरून, आडवे. ते कधी मिळताना पाहिले नव्हते. मडक्याचं तोंड मी पूर्ण गोल काढायची. सर माझ्या मागं येऊन उभे राहायचे.

"मडक्याचं तोंड तुला असं दिसतंय का?"

"तोंड गोलच असतंय, सर."

"असतं. दिसतं का तसं? खाली बस. आता उभी राहा. परत बस. काय होतंय?"

मी उठबस करायची. मुलं हसायची. मला काहीच होताना दिसायचं नाही, कारण डोळ्याच्या आधी मनात गोल मडकं येऊन बसलेलं असायचं.

दिसलं ते सुट्टीत गावाकडं गेले तेव्हा. आई नव्या रस्त्याच्या कामावर होती. माळावरून सरळ नेलेला तो रस्ता, कुठं जातो ते कुणालाच माहीत नव्हतं, सरकारला काम काढायचं होतं एवढंच. दोन्ही कडांना फोडलेल्या खडीचे ढीग सारख्या अंतरावर लावलेले. मी भाकरी घेऊन गेले आणि रस्त्याच्या तोंडाशी थांबले. जवळचा ढीग माझ्या कमरेएवढा. त्यापलीकडचा गुडघ्याएवढा. त्यापुढचे मूठभर, चिमूटभर, आणि शेवटी दोन्ही रांगा धुळीत एकत्र झालेल्या. बायका बसल्या होत्या त्याही तशाच, जवळच्या बाईच्या हातातला हातोडा दिसत होता, लांबची बाई म्हणजे नुसता ठिपका. माझी आई त्या ठिपक्यांपैकी एक होती. कुठला ते ओळखायला मला चालत जावं लागलं.

चालता चालता ती मोठी होत गेली. ती पाय पसरून बसली होती, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. नारू निघाला होता. आमच्या गावच्या बारवेत पायऱ्या उतरून पाणी भरायचं, त्याच पाण्यातून तो यायचा. पायाच्या फोडातून दोऱ्यासारखा किडा बाहेर येत होता आणि आईनं तो काडीला गुंडाळून ठेवला होता, रोज थोडा थोडा ओढायचा म्हणून. चिंधीखालून पिवळं पाणी ओघळत होतं. ती त्याच पायानं दगड दाबून धरून हातोड्यानं फोडत होती.

"हात बघू," ती म्हणाली. मी हात पुढं केले. तिनं तोंड वाकडं केलं. "हे गं काय? कोळसं भरती का तिथं?"

"चितर काढतो आम्ही, कोळशानं."

"त्या हातानं भाकर नगं मोडू. हो बाजूला, म्या मोडते."

माझ्या काळ्या हातांची तिला किळस आली होती आणि मला तिच्या पायाची. तरी दोघी शेजारी बसून जेवलो. जेवताना मी रस्त्याकडं बघत राहिले. ढिगांची वरची टोकं आणि खालच्या कडा, दोन्हींच्या रेघा कुठं मिळतात ते शोधत राहिले. मला ते समजलं याचा आनंद झाला होता आणि ज्यात समजलं त्याकडं बघवत नव्हतं.

परत आल्यावर मडक्याचं तोंड मी बरोबर काढलं. चपटं लंबवर्तुळ, डोळ्याच्या रेषेच्या जरा खाली. सर खूश झाले. "आता छायाप्रकाश," म्हणाले. "डोळे किलकिले करून बघ. उजेड कुठं पडतो, काळोख कुठं सुरू होतो आणि काळोखाच्या कडेला परत थोडा उजेड कसा येतो, ते बघ. टेबलावरच्या कापडावरचा उजेड उलटा मडक्याच्या बुडाला लागतो. तो सापडला की मडकं गोल झालं."

तो उलटा उजेड मला सापडत नव्हता. माझी सावली एकसारखी काळी व्हायची, मडकं म्हणजे तव्यासारखं.

परीक्षा जवळ आली तशी सरांनी मांडणी बदलायचं ठरवलं. कंदील, पितळी तांब्या वगैरे काढून झाले होते. त्यांची नजर कोपऱ्यातल्या मडक्यावर गेली. "हे घेऊ. काळ्या मडक्यावर उजेड फार सुंदर दिसतो." ते इकडंतिकडं बघू लागले. मी सगळ्यांत जवळ होते. "ये, जरा ते इकडं आण बरं. सांभाळून, भरलेलं आहे."

मी दोन्ही हातांनी मडकं उचललं, पोटाशी धरलं आणि टेबलावर ठेवलं. गार होतं, पाझरत होतं. छातीपाशी साडी ओली झाली. त्या क्षणी मला बरंही वाटलं. इतके महिने जे पाणी वरून पडायचं ते मी कवेत धरलं होतं.

चेअरमनची मुलगी उठली आणि बाहेर गेली. थोड्या वेळानं शिपाईमामा आत आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मडक्याच्या गळ्याला फडकं लावून मडकं उचललं, बाहेर नेलं आणि आवारातल्या कडुलिंबाखाली उपडं केलं. खिडकीतून सगळं दिसत होतं. पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तडकलेल्या जमिनीत ते क्षणात शिरलं. कुठून तरी एक कुत्रं आलं आणि ओली माती चाटू लागलं.

मामांनी रिकामं मडकं परत आणून टेबलावर ठेवलं.

"सर, पाणी का वतलं?" मी विचारलं.

सर कापडाच्या चुण्या नीट करत होते. "अगं, चित्रासाठी रिकामंच बरं. हलकं पडतं."

"हलकं कशाला लागतंय? मडकं काय चालणार हाय?"

"बस खाली. ऊन सरकतंय. एकदा ऊन गेलं की सावली बदलेल."

मी मामांकडं वळले. "मामा, तुम्ही का वतलं?"

"मला सांगितलं, म्या केलं," मामा पुटपुटले आणि निघून गेले.

चेअरमनची मुलगी आपल्या जागी येऊन बसली होती. ती स्वभावानं वाईट नव्हती. तिच्याकडं परदेशी कोळशाच्या कांड्यांची पेटी होती, माझी कांडी मोडली की ती आपली द्यायची. द्यायची म्हणजे माझ्या तळहातावर वरून सोडायची. ती हळू आवाजात मला म्हणाली, "मला काय वाटत न्हाय गं. पण घरी आईला कळलं तर तिला चालत न्हाय. मग मलाच बोलणी बसत्यात."

मला काय वाटत न्हाय गं. हे वाक्य ऐकून मला जी शिसारी आली ती पपईतल्या अळ्या बघूनही आली नव्हती. शिवी दिली असती तरी चाललं असतं. ती माझी समजूत काढत होती, आणि समजूत काढताना पेटीतून एक कांडी निवडून कागदावर टेकवत होती.

मग सगळे चित्र काढू लागले. मीही. उठून जायला हवं होतं असं पुढं किती जणांनी मला सांगितलं. मी उठले नाही. आणि मी ते मडकं बघत राहिले, इतक्या तिरस्कारानं की दुसरं काही डोळ्यांना दिसेना. ते अजून ओलं होतं. खिडकीकडच्या बाजूनं उजेडाचा एक पांढरा ओरखडा, ओलं वाळेल तसा तो अरुंद होत चाललेला. काळोखाची बाजू काळीशार. आणि त्या काळोखाच्या अगदी खाली, बुडाच्या कडेला, कापडाचा पांढरा उजेड लागून उमटलेली एक करडी चंद्रकोर. तो उलटा उजेड मला दिसला. मी कांडी आडवी धरून दाबली, कागद फाटेल इतकी दाबली, आणि ती कोर तेवढी मोकळी सोडली.

दुःखातून कला येते असं कुणी बोललं की मला उबग येतो. मी त्याआधी कितीतरी महिने तुराट्या जाळत, उठबस करत, कागद काळे करत होते. त्या दिवशी नसता दिसला तर पुढच्या आठवड्यात दिसला असता. त्याचं श्रेय मी त्या ओतलेल्या पाण्याला देणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिवईवर नवं मडकं आलं, पाण्यानं भरलेलं. मी वर्गात शिरले, तांब्या घेतला, आत बुडवला आणि उभी राहून प्यायले. सर्वांसमोर. मामा दारात होते, ते नुसते बघत राहिले. तासानंतर ते मडकंही उपडं झालं. त्यानंतर आणखी एक आलं. मी त्यातलंही प्यायले. तेही ओतलं. आमच्यातला तो दुसरा मुलगा मला म्हणाला, "कशाला उगंच? पाणी बंद हुईल." तो घाबरला होता. त्याचा राग करावा की कीव, ते मला कळेना.

आणि खरंच पाणी बंद झालं. गडी यायचा थांबला. तिवई रिकामी. आता सगळ्यांनाच वसतिगृहाच्या पिंपातलं रॉकेलच्या वासाचं पाणी प्यावं लागलं. तेव्हा वर्ग चिडला. पाणी ओतणाऱ्यांवर नाही, माझ्यावर.

"तुझ्यामुळं गेलं," एक मुलगी म्हणाली. "गप पीत होतीस तवर बरं होतं की."

"बरं कुणाला होतं?" मी विचारलं.

"सगळ्यांना," ती म्हणाली, आणि तिला खरोखर तसंच वाटत होतं.

सरांनी मला बाजूला घेतलं. "परीक्षेपर्यंत सांभाळून घे. तुझा हात चांगला आहे. असल्या गोष्टींत शक्ती घालवू नकोस." ते प्रेमानं बोलत होते. त्यांच्या काळ्या बोटांनी त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं नाही, हात जरा उचलला आणि पुन्हा खाली घेतला. मी तो हात बघितला. बाईमाणूस म्हणून थांबला की दुसऱ्या कशासाठी, ते मला आजही ठरवता येत नाही.

उन्हाळा संपता संपता सोसायटीच्या नव्या गोदामाचं उद्घाटन निघालं. तिथं मिलोची पोती यायची होती, वाटप व्हायचं होतं. आमच्या विद्यालयाला सांगावा आला की विद्यार्थ्यांची चित्रं भिंतीवर लावा, पाहुण्यांना बघायला काहीतरी हवं. सरांनी माझं मडकं निवडलं. वर्गातलं सगळ्यांत चांगलं तेच होतं, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मला तेव्हा आनंद झाला, हेही सांगते.

गोदामात नव्या चुन्याचा आणि जुन्या बारदानाचा वास. चेअरमनसाहेब पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार. भाषण झालं. दुष्काळानं लहानथोर सगळ्यांना एका पंगतीत बसवलं, आता सहकाराशिवाय तरणोपाय नाही, असं ते बोलले. टाळ्या पडल्या. मग ते पाहुण्यांना घेऊन चित्रांपुढून फिरू लागले. माझ्या चित्रापाशी थांबले. चष्मा काढला, जवळ गेले.

"हे कुणी काढलंय?"

"आमच्या वर्गातली आहे, साहेब," सरांनी मला पुढं केलं.

"लई झ्याक! आं? बघूनच पाणी प्यावंसं वाटतंय." पाहुणे हसले. "मास्तर, हे आपल्या हापिसात लावा. येणाऱ्या माणसाला तेवढाच गारवा."

मी म्हटलं, "साहेब, हे मडकं तुमच्याच घरून आलेलं. त्यातलं पाणी लिंबाखाली वतून दिलं. मी उचललं म्हणून."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. त्यांनी मुलीकडं पाहिलं. ती जमिनीकडं बघत होती. मग सरांकडं. "पोरगी काय म्हणती?"

"गैरसमज झालाय तिचा," सर घाईनं म्हणाले. "चित्रासाठी मडकं रिकामं करायचं होतं, एवढंच."

"आसंल, आसंल." चेअरमन माझ्याकडं वळले, अगदी मायेनं. "पोरी, असलं आमच्याकडं काय न्हाय बरं का. आमच्या मळ्यात समद्या जातीची माणसं राबत्यात." आणि ते पुढच्या चित्रापाशी गेले. ते एका टोपलीतल्या द्राक्षांचं होतं.

मी भिंतीवरच्या टाचण्या काढायला लागले. सर दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, काय करतेस? राहू दे. त्यांनी मागितलंय."

"माझं हाय, सर."

"तुझ्या भल्याचंच सांगतोय. त्यांच्या शब्दानं नोकरी लागेल."

एक टाचणी निघता निघेना, ती ओढताना कोपरा फाटला. गुंडाळी केली आणि चालत बाहेर पडले. कुणी अडवलं नाही. कुणी सोबतही आलं नाही.

तशीच एसटीनं येरमाळ्याला आणि तिथून चालत गावी गेले. कोळसा कागदावर पक्का बसावा म्हणून फवारतात तो रस चित्रावर मारलेला नव्हता. गुंडाळीत कोळसा घासून पसरला होता. आईनं चित्र उघडलं तेव्हा मडक्याचा एक गाल पुसला गेला होता आणि तिचे हात काळे झाले. या वेळी तिनं तोंड वाकडं केलं नाही. तिचा पाय सुकत आला होता.

"मडकं हाय व्हय?"

मी तिला सगळं सांगितलं. वांग्यांपासून, ओंजळीपासून. तिला नवल वाटलं नाही, राग आलेला दिसला नाही. माझं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"किती पाणी व्हतं त्यात?"

"भरलं व्हतं."

"समदं वतलं?"

"समदं. आणि मागनं आणखी दोन."

तिनं चित्र खाली ठेवलं. बाहेर जाऊन ती उंबऱ्यापलीकडं थुंकली, मोठ्यानं, आणि तोंडाला पदर लावून बराच वेळ तिथंच उभी राहिली. तिनं इतक्या घृणेनं थुंकलेलं मी कधी बघितलं नव्हतं. लोकांच्या शिव्याशापांवर ती थुंकली नव्हती, मुकादमानं ढीग कमी भरला म्हटल्यावर थुंकली नव्हती.

परीक्षा मी दिली. वर्गात शेवटपर्यंत गेले, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन, कुणाशी न बोलता. पास झाले. चेअरमनांच्या शब्दावाचून नोकरी लागली, कर्नाटकच्या सीमेजवळ, मुरुमला, शाळेत. तिथं कानडी-मराठी मिसळून बोलणारी पोरं मला मिळाली, आणि मी त्यांना आधी दगडांची चित्रं काढायला लावली. फळं, भाज्या कधी मांडल्या नाहीत. मांडाव्या लागल्याच तर चित्र अर्धं असलं तरी संध्याकाळी त्या कापून सगळ्यांना वाटायच्या, असा माझा नियम होता.

बऱ्याच वर्षांनी, ऐंशीनंतर, धाराशिवच्या स्टँडवर सर भेटले. केस पांढरे झालेले, सोबत कुणी पाहुणे होते. मला बघून ते खरोखर आनंदले. आग्रहानं कँटीनमध्ये घेऊन गेले, चहा मागवला.

"ही माझी विद्यार्थिनी," पाहुण्यांना म्हणाले. "हिनं एक मडकं काढलं होतं, काय सांगू! आजही डोळ्यांपुढं आहे. बुडाला तो उलटा उजेड... मी इतकी वर्षं शिकवतोय, तसा कुणालाच साधला नाही."

"त्यातलं पाणी आठवतं का सर?" मी विचारलं.

ते गोंधळले. "पाणी? नाही, मडकं रिकामं होतं ना. रिकामंच मांडलं होतं आपण." आणि पाहुण्यांकडं वळून समजावू लागले, रिकाम्या मडक्याचं तोंड काढणं कसं अवघड असतं, आतला काळोख कसा दाखवायचा. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तेवढंच आठवत होतं.

चहावर साय धरली होती. मी एक घोट घेतला. बाहेर मुरुमच्या गाडीचा पुकारा झाला. "येते सर," म्हटलं, कप तसाच ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.